आमच्या गावात थाळी वाजवत नाहीत

आमच्या गावातल्या बाजा उंच आहेत. हे मला वाशिमला कॉलेजात गेल्यावर कळलं. होस्टेलवर पहिल्या दिवशी माझी पत्र्याची पेटी खाटेखाली सरकवायला गेलो तर ती आत शिरेचना. मी खोलीतल्या मुलाला विचारलं, "इतकी बुटकी खाट काहून केली?" तो म्हणाला, "खाट वर झोपायले असते, खाली राहायले नाही."

मी हसलो, पण मला खरंच नवल वाटलं होतं. आमच्याकडे बाज वरून झोपायला आणि खालून लपायला असते. सुतार नवी बाज करायला घेतो तेव्हा घरात माणसं किती, हे आधी विचारतो. तेवढी खाली मावली पाहिजेत.

कारण आमचं गाव खदानीचं. खदान कधी सुरू झाली ते मला नीट सांगता येणार नाही. म्हातारी माणसं एवढंच सांगतात की आधी तिथं टेकडी होती, टेकडीवर बकऱ्या चरायच्या, मग रस्त्यासाठी कोणीतरी दगड मागितला आणि टेकडीला खालून खायला सुरुवात झाली. आता तिथं खड्डा आहे. टेकडी कुठं गेली म्हणाल तर रिसोडकडच्या आणि शेलूबाजारकडच्या रस्त्यांखाली गेली. आमच्या गावचा म्हातारा माणूस एसटीत बसला की पाय आपटून शेजारच्याला सांगतो, "आमच्यावरूनच चालली."

खदानीवर सगळेच जात. आमच्या मोहल्ल्यानं छप्पन साली धम्म घेतला, गावकीची जुनी कामं सोडली, आणि शेती तर नव्हतीच, म्हणून आमची माणसं जास्त. पण ज्यांना थोडीबहुत कोरडवाहू होती तेही पेरणी झाली की घण घेऊन यायचे. बा म्हणायचा, "सुरुंग कोनाले जात इचारत नाही. सगळ्यायले सारखाच पळोते."

पळवायचं काम बाचंच होतं. दुपारी जेवणाच्या आधी खदानीत बार उडवायचे. दगडात भोकं पाडून, दारू ठासून, वात लावली की बा लिंबाखाली यायचा. तिथं फांदीला एक जाड काशाची थाळी टांगलेली होती. ती तो लोखंडी सळईनं वाजवायचा. थाळी तुटक तुटक वाजली की पळा. मग धडाड्‌धूम, पत्र्यांवर दगडांचा मारा, आणि सगळं शांत झालं की बा पुन्हा थाळी वाजवायचा, पण सलग, न थांबता, घुंगरासारखी. तशी वाजली की बाहेर या. मधल्या वेळात कोणीही कुठंही असो, बाहेर यायचं नाही.

मी हे ऐकतच चालायला शिकलो. तुटक थाळी वाजली की बायका तव्यावरची भाकरी उचलून घ्यायच्या, कोंबड्या टोपल्याखाली जायच्या, पोट्टे बाजेखाली. आम्हाला त्यात भीती बिलकुल वाटत नव्हती, मजाच वाटायची. बाजेखाली आम्ही सगळी भावंडं चिकटून पडायचो, ताई आमच्या कानांवर हात ठेवायची आणि बार मोजायची. एकदा छत फोडून एक दगड थेट शेजारच्या बुढीच्या बाजेवर पडला. बुढी खालून त्या दगडांनाच ओरडली, "अजून कोनी हाय का? आता बसाच वर, जागा केली!" ही बुढी आमची कोणी लागत नव्हती, पण आमच्या घरात तिचा पाय आमच्याइतकाच असायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे मुका बार. वात जळाली पण बार उडालाच नाही, तर तो कधी उडेल याचा नेम नसतो. त्यामुळे नियम असा की थाळी वाजली आणि आवाज झाला नाही, तर दुप्पट वेळ दडून राहायचं. सलग थाळी वाजेपर्यंत नखसुद्धा बाहेर काढायचं नाही.

मी शाळेत असतानाच खदानीला खालून पाणी लागलं. उपसलं की भरायचं. शेवटी ठेकेदारानं सामान उचललं आणि तो दुसऱ्या टेकडीकडे गेला. खड्ड्यात आभाळ दिसायला लागलं. माणसं मजुरीला, कापसाला, रस्त्याच्या कामाला पांगली. थाळी बानं घरी आणून भिंतीला लावली.

पण खदान बंद झाली म्हणून सवयी बंद होत नाहीत. बारांनी अर्ध्या गावाचे कान गेलेले, त्यामुळे आमच्याकडे साधं "जेवलास का" हेसुद्धा दोन शेतांपलीकडे ऐकू जातं. आणि दुसरी गोष्ट अशी की आमच्या गावात थाळी वाजवत नाहीत. दुसऱ्या गावांत पोरगं झालं की थाळी वाजवतात. आमच्याकडे सूप वाजवतात. परात हातातून पडली तरी बाई आधी ओरडते, "पडली वो, पडली! वाजोली नाही!" हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही आणि बाहेरच्याला सांगायचं कधी सुचलंही नाही. जेवताना पायानं जेवू नका, असं आपण पाहुण्याला कुठं सांगतो?

आता ताईचं सांगतो.

ताई माझ्याहून मोठी. मला शाळेत तिनंच ओढत नेलं. स्वतः चौथीनंतर गिट्टी फोडायला बसली. तिच्यासाठी आधी दोन ठिकाणं आली होती. पहिली मंडळी चहा पिऊन गेली आणि निरोप आला की घरात सगळे भांडकुदळ दिसतात. कोणी भांडलंच नव्हतं, बा फक्त "साखर अजून टाकू का" असं विचारत होता. दुसरे तर दारातूनच म्हणाले, दगडफोड्यांच्या गावात आमची सोयरीक जमणार नाही. ताईनं दोन्ही वेळा भांडी घासून टाकली.

मग रिठदचं ठिकाण आलं. मुलगा रिसोडच्या गाड्यांवर कंडक्टर. मायनं हे सांगितलं तेव्हा ताई चुलीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. वाकून पाहिलं तर हसत होती.

"काय झालं वं?"

"काही नाही," ती म्हणाली. मग माझा कान धरून जवळ ओढलं. "हा तोच हाय. पाट्याचा."

पाट्याची गोष्ट अशी. आमच्याकडचा पाटा-वरवंटा रिसोडच्या बाजारात चांगला जायचा. बाच्या हातचा एक पाटा घेऊन ताई एसटीत चढली, तर कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट लागन." ताई म्हणाली, "हा काय मानूस हाय?" तो म्हणाला, "लेकरू असतं तं अर्धं तिकीट देल्लं असतं, हा पुरा हाय." सगळी गाडी हसली. ताईनं पाटा उचलला आणि मांडीवर घेतला. "घ्या, मांडीवरच्या लेकराले कुठी तिकीट असते?" कंडक्टरनं पंच खिशात घातला आणि रिसोड येईपर्यंत दर थांब्याला वळून विचारत राहिला, "लेकरू झोपलं का?"

एवढंच. पण ताई त्यानंतर बाजाराला जाताना वेणी दोनदा घालायची हे मी पाहिलं होतं.

ती मंडळी पाहायला आली तेव्हा मी मुद्दाम वाशिमहून आलो. मायनं मला बजावलं होतं, "तू कॉलेजात जातं, तूच बोल. हळू बोल. तुह्या बाले बोलू देऊ नको." मी इतका हळू बोललो की पाहुण्यांना काहीच ऐकू आलं नाही. मुलाचा मामा कानाला हात लावून म्हणाला, "काय म्हनते?" बाला वाटलं आता आपणच बोललं पाहिजे. तो म्हणाला, "पोरगी कामाची हाय!" आणि वळचणीतल्या चिमण्या उडाल्या.

मी खाली पाहत राहिलो. पण मुलगा गाडीच्या घरघरीवर ओरडून बोलणारा माणूस. त्यानं तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "मले मालूम हाय! ते दगड घेऊन फिरते!" बा एकदम खूश झाला. इतक्या वर्षांनी त्याला कोणाचं तरी बोलणं पहिल्या झटक्यात ऐकू आलं होतं. दोघांनी मग खूप वेळ गप्पा मारल्या. मुलाची आई पदरात तोंड घालून हसत होती. मामा मात्र हसला नाही.

मामा हाच त्या घराचा कर्ता. वडील नव्हते, त्यानंच भाच्याला वाढवलेलं. साधा माणूस, देणंघेणं काही मागितलं नाही, उलट तसलं काही काढलं असतं तर उठून गेला असता. त्याची एकच गोष्ट होती. निघताना तो दारात उभा राहून बाला म्हणाला, "ईवाई, आमाले तुमचं काही नको. आमी मानाचे भुकेले. आमच्या बापजाद्यायले लोकायनं वेशीबाहेर उभं केलं. माह्या भाच्याची वरात तुमच्या वेशीवर येईन तं तिथी मानूस पाह्यजे. नसला तं मी गाडी तिथूनच फिरोतो. आताच सांगून ठेवतो, मंग बोल नको."

बा म्हणाला, "मानूस? अख्खं गाव उभं करतो!"

त्या संध्याकाळी ताई मला म्हणाली, "पाह्य, हे मोडलं ना, तं मी पुन्हा कोनाले चहा नेऊन देनार नाही. मायले सांगून ठेव." ती हसत हसतच बोलत होती, पण तिनं माझं मनगट धरलं होतं आणि सोडत नव्हती. मी मायला काही सांगितलं नाही.

लग्न उन्हाळ्यात होतं. बानं खरंच अख्खं गाव उभं केलं. आमचा मोहल्ला तर होताच, पण पाटलाच्या गल्लीतलेही आले, कारण बाच्या थाळीनं जीव वाचला नाही असं घर गावात नव्हतं. वेशीपासून मांडवापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं. बाया धुतलेल्या लुगड्यांत. पोट्टे खदानीच्या दगडांच्या भिंतीवर ओळीनं. पुढं माय, हातात पाण्याचा लोटा. तिच्या बाजूला मी, दोन्ही हातांत हार. बा मागं मांडवाशी, पांढऱ्या टोपीत. ताई घरात मैत्रिणींच्या घोळक्यात.

ऊन डोक्यावर आलं होतं. बार उडवायची वेळ.

धूळ दिसली, मग ट्रक दिसला. ट्रकात माणसं नुसती उसळत होती. कंडक्टरच्या लग्नाला ज्यांची सुट्टी होती ते सगळे ड्रायव्हर आणि कंडक्टर आले होते, आणि खाकी घालायची नाही म्हणून एकेकानं जे रंग घातले होते ते मी आजपर्यंत विसरलो नाही. डफडं, सनई काही नव्हतं. मामाचं म्हणणं, आपल्या लोकांनी दुसऱ्याच्या दारात वाजवायचं सोडलं, तर आता आपल्या दारात दुसऱ्याला कशाला वाजवायला लावायचं? मला ते बरोबर वाटतं. पण मित्रांना वरात मुकी नेणं काही जमेना. आहेरात एक मोठी काशाची परात होती. त्याच ट्रकच्या ड्रायव्हरनं, जो नवरदेवाचा जिवलग मित्र होता, ट्रक वेशीवर थांबवला, सीटखालून लोखंडी पाना काढला, परात उलटी धरली, खाली उडी मारली आणि हर्षानं वाजवायला लागला.

तुटक. तुटक. तुटक.

पुढं जे झालं ते सांगताना मला अजून नीट बोलता येत नाही. माझं डोकं मला सांगत होतं की ही वरात आहे. दोन वर्षं कॉलेजात शिकलेलं डोकं. पण पायांना कोणी विचारलं नाही. मी जेव्हा भानावर आलो तेव्हा मी एका बैलगाडीखाली पालथा होतो, हार अजून हातात होते आणि माझ्या पाठीवर शेजारच्या बुढीचं कोपर होतं.

सगळं गाव नाहीसं झालं होतं. भिंतीवरचे पोट्टे ओळीनं मागच्या मागं पडले होते. पाटील धान्याच्या कोठीआड. बाया ज्या घराचं दार सापडलं त्यात शिरल्या. मायचा लोटा रस्त्याच्या मधोमध पडून गरगर फिरत होता, आणि तेवढाच एक आवाज येत होता.

तेवढ्यात बा रांगत आमच्या गाडीखाली आला.

"थाळी कोनं वाजोली?" तो म्हणाला. "थाळी तं घरी हाय! सळई माह्यापाशी हाय!"

"बा, तुले ऐकू आली?"

"नाही ना! पन सगळे पळाले म्हंजे वाजलीच असन!"

तिकडे वऱ्हाड मोकळ्या रस्त्यावर उभं. आता दोन्ही बाजूंना फक्त चपला होत्या. ड्रायव्हर घाबरला. त्याला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नाही की काय, बहिऱ्यांचं गाव आहे असं तर सगळे म्हणतातच. म्हणून त्यानं अजून जोरात वाजवलं. तुटक, तुटक. त्याबरोबर उघडी राहिलेली दारंसुद्धा खटाखट बंद झाली. कड्या लागल्या.

"दारं लावली!" मामा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "आमच्या तोंडावर दारं लावली! हा मान? फिरव गाडी!"

हे सगळं मला ऐकू येत होतं. मला माहीत होतं की आता ताईचं लग्न मोडतं आहे, आणि ते माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर मोडतं आहे. मी बाहेर निघायला लागलो तर बुढीनं माझा पाय दोन्ही हातांनी धरला. "बार उडला नाही अजून! मुका हाय! मरशीन, कॉलेजवाल्या!"

"आजी, बार नाही, वरात हाय!"

"वरात असो का काही असो, सलग वाजल्याबिगर निघायचं नाही!"

म्हणून मी गाडीखालूनच डोकं काढलं आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून म्हणालो, "मामाजी, या ना! बसा!"

मामानं चारी बाजूंना पाहिलं. "कोन बोलून राह्यलं?"

"मी. खाली."

मामानं खाली पाहिलं. मी हार पुढे केले. आता विचार केला की वाटतं, ते केलं नसतं तर बरं झालं असतं. मामाचा चेहरा आधी नुसता लाल होता, तो आता काळा झाला. "थट्टा करून राह्यले," तो हळूच म्हणाला. मग ट्रकमध्ये चढला. "फिरव म्हनलं ना!"

ड्रायव्हर जागेवर जाऊन बसला, पण त्यानं मागं नवरदेवाकडे पाहिलं. नवरदेव ट्रकाच्या फळीला टेकून उभा होता. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, घामानं थबथबलेला, डोळे आमच्या घराच्या दिशेला.

"घंटी दे," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही देत."

"अबे, मामा म्हनून राह्यले ना."

"मामा पॅसेंजर हायेत," नवरदेव म्हणाला. "घंटीबिगर गाडी हालवशीन तं रिपोर्ट करीन."

आमच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते मैत्रिणींनी नंतर सांगितलं. ताई बाजेखाली होती. नवं पांढरं लुगडं, केसांत फुलं, अंगावर चार मैत्रिणी. ती सवयीनं बार मोजायला थांबली होती. एकही उडाला नाही. तेवढ्यात मामाचं "फिरव गाडी" ऐकू आलं, आणि ताई म्हणाली, "अवं, हे तं माह्यी वरात हाय!" मैत्रिणींनी तिला धरलं. मुक्या बारात बाहेर जाणाऱ्याला धरायचंच असतं. ताई त्यांना घेऊनच उठली. बाज उलटली.

मी पाहिलं ते एवढंच की रिकाम्या रस्त्याच्या मधून ताई एकटी चालत येत होती. नवरीनं असं यायचं नसतं. पण नको म्हणायला बाहेर कोणी नव्हतंच. ती ट्रकापाशी गेली, पुढच्या दारातून हात घालून ड्रायव्हरच्या बाजूची परात घेतली, त्याच्या मांडीवरचा पाना घेतला आणि वाजवायला लागली. सलग. न थांबता. लहानपणी ती बाला भाकर घेऊन जायची तेव्हा बा कधी कधी तिच्या हातात सळई द्यायचा, हे मी विसरलोच होतो. ती परातीकडे पाहतच नव्हती. वर ट्रकात पाहत होती. आणि नवरदेव वरून तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहत होता.

मग गाव निघालं. कोठीआडून, सरपणातून, टोपल्यांखालून, दारादारातून. धुळीनं माखलेले, जाळं लागलेले, एकाच्या डोक्यावर अंड्याचं कवच. आणि सगळे आपापले कपडे झटकून, जणू काही झालंच नाही असे, पुन्हा दोन्ही बाजूंना ओळीनं उभे राहिले. मायनं लोटा उचलला. त्यात पाणी नव्हतं. तिनं तो तसाच पुढे धरला.

"मामाजी," ताई म्हणाली. तिला धाप लागली होती. "गाव लपलं नाही. गाव पळालं. तुमीच पळोलं. तुमी बार लावला."

आणि तिनं सांगितलं. थाळी, खदान, मुका बार, सगळं, तिथंच उभ्यानं. बा मधे मधे "खरं हाय!" असं ओरडत होता, त्याला काहीच ऐकू येत नसताना.

मामा ऐकत होता. त्याचा विश्वास बसत नव्हता हे दिसत होतं. तो खाली उतरला. ताईच्या हातातून परात आणि पाना घेतला. एकदा आमच्याकडे पाहिलं. मग हळूच, अगदी पारखून घेतल्यासारखं, वाजवलं.

तुटक. तुटक.

मी पुन्हा बैलगाडीखाली होतो. बुढी माझ्या आधी होती. "सांगतलं नव्हतं तुले, मुका हाय म्हनून!" ती म्हणाली.

रस्त्यावर ताई, मामा आणि फिरणारा लोटा.

आधी मामाच्या नाकातून एक आवाज आला. मग तो वाकला. मला वाटलं चक्कर आली. त्यानं परात खाली ठेवली, ट्रकच्या चाकाला पाठ लावून मातीत बसला आणि दोन्ही हात मांडीवर आपटत हसायला लागला. हसता हसता म्हणाला, "पोरी, वाजव! वाजव माय! नाहीतर मुहूर्त जाईन ह्यांचा!" मुहूर्त वगैरे आम्ही कोणी पाहत नाही, तोही पाहत नव्हता, पण त्याला दुसरा शब्द सापडला नसावा. ताईला मात्र वाजवता येईना. तिचंही हसू फुटलं होतं आणि पाना परातीवर धड बसतच नव्हता. शेवटी नवरदेवानं वरून उडी मारली, तिच्या हातावर हात धरला आणि दोघांनी मिळून सलग वाजवलं.

लग्न लागलं. वंदनेच्या वेळी सगळे गंभीर उभे होते, पण पंचशील म्हणताना कुठूनतरी मागून एक फुसका आवाज यायचा आणि तो ओळीनं पुढे सरकत यायचा. मी ओठ चावून धरले होते. टाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हा मामानं हात वर करून आधी वऱ्हाडाला सांगितलं, "हळू वाजवा बाप्पा, मांडव रिकामा होईन." जेवणात वांग्याची भाजी होती आणि ती खारट झाली होती, पण कोणी काही म्हणालं नाही. ड्रायव्हर पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला विचारत फिरत होता, "तुमी कुठी लपले होते?" आणि प्रत्येक जण अभिमानानं सांगत होता. पाटील तर त्याला कोठी दाखवायला घेऊन गेला. बा आणि मामा दोघं खदानीच्या काठावर जाऊन आले. काय बोलले माहीत नाही, पण बाचं अर्धं बोलणं आम्हाला मांडवात ऐकू आलं: टेकडी इथपर्यंत होती, तिकडे पहिला बार लावला, इथं लिंब होता.

कॉलेजात परत गेल्यावर एका सरांनी मला विचारलं, तुमच्या गावात जुनं काही आहे का, देऊळ, गढी वगैरे. मी नाही म्हणालो. आमच्याकडे जुना म्हणावा असा एक खड्डाच आहे, आणि त्याच्याबद्दल वर्गात उभं राहून काय सांगायचं ते मला तेव्हा सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन उतरल्यावर वऱ्हाड निघालं. सगळे ट्रकभोवती जमले. आमच्याकडे पोरगी जाते तेव्हा रडतात, आणि चांगलं मोठ्यानं रडतात. बहिऱ्यांच्या गावात हळू रडून कोणाला कळणार? पण त्या दिवशी कोणाला रडूच येईना. ताई ट्रकात चढली, वळून मायकडे पाहिलं, ओठ वाकडे झाले, सगळे दम धरून थांबले. आणि ती फिसकन हसली. खाली उभ्या सगळ्या बाया हसल्या.

माय घाबरली. "अवं, रडा ना वं कोनी तरी!" ती बायांना म्हणाली. "पोरगी चालली. लोक काय म्हनतीन?"

सगळ्यांनी शेजारच्या बुढीला पुढे ढकललं. तिच्याइतकं रडणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. बुढीनं पदर डोळ्याला लावला, मोठा श्वास घेतला आणि सुरू केलं, "माह्ये बाई वो ऽ, तुले कशी धाडू वो ऽ, माह्ये सोन्यावानी..." इथपर्यंत नीट झालं. मग तिची नजर ड्रायव्हरच्या पान्यावर गेली. ती थांबली. पदर तोंडात गेला. ती खाली बसली आणि तिथूनच हातानं 'जा, जा' करायला लागली.

मामा ट्रकातून मायला म्हणाला, "ईनबाई, ऱ्हाऊ द्या. रडू आलं की रिठदले या. आमच्याइथी बसून रडा, आमी बी रडतो संगं."

नवरदेवानं ट्रकच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल घंटी. ट्रक हलला. ताई मागच्या फळीला धरून उभी होती, तिची फुलं एका बाजूला कलली होती, ती काहीतरी ओरडत होती आणि हसण्यामुळे आम्हाला एक शब्द कळत नव्हता. बा मोठ्यानं म्हणत होता, "हाव! हाव!"

धूळ खाली बसली. लोक पांगायला लागले. माय वेशीवरच्या दगडावर बसली होती, पोट धरून, पाठ हलत होती. मी तिच्याजवळ बसलो. तिचं तोंड पूर्ण ओलं होतं.

"माय, हसून राह्यली का रडून राह्यली?"

तिनं पदरानं तोंड पुसलं, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले कायचं मालूम," ती म्हणाली. "बस चूपचाप, होऊ दे."